घोडीची गोष्ट शोधून देणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण पत्र मात्र सगळ्यांसमोरच लिहायचं ठरवलंय, कारण लायब्ररीच्या काउंटरवर येऊन थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणता आणि मागच्या माणसाचं पुस्तक हातात घेता. दोनदा झालंय असं. म्हणून आता लिहूनच काढते.

बाबा गेल्यानंतर साधारण दोन महिन्यांनी मी लायब्ररीत आले होते. मला एक गोष्ट शोधायची होती आणि माझ्याकडे ना तिचं नाव होतं ना लेखकाचं. मी आठ-नऊ वर्षांची असताना बाबांनी कव्हर फाटलेल्या कुठल्यातरी जुन्या मासिकातून ती वाचून दाखवली होती, आणि एवढ्या वर्षांनी डोक्यात उरलं होतं ते इतकंच की बर्फ पडतोय, एक म्हातारा घोडागाडीवाला आहे, त्याचा मुलगा वारलाय, आणि शेवटी तो घोडीशी बोलतो. बस. आधी एकदोन ठिकाणी विचारून झालं होतं, टायटल सांगा नाहीतर लेखक सांगा, त्याशिवाय कसं शोधणार, असं ऐकून परत आले होते. त्यांचंही काही चूक नव्हतं. तुम्ही मात्र खुर्ची थोडी पुढे ओढलीत आणि म्हणालात, "नाव राहू दे. डोळ्यासमोर काय येतं ते सांगा."

त्या एका प्रश्नासाठी हे पत्र आहे ताई.

कारण मग मी सांगतच सुटले. बर्फ सांगितला, गाडी सांगितली, आणि बाबा वाचता वाचता शेवटच्या पानावर कसे थांबले, चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत राहिले आणि मला वाटलं काचेवर काहीतरी पडलंय, हेही सांगितलं, जे त्या गोष्टीत नव्हतंच. माझ्यामागे दोघंजण पुस्तकं घेऊन उभे होते पण तुम्ही एकदाही घड्याळाकडे बघितलं नाहीत. त्या दोन महिन्यांत कितीतरी लोक भेटून गेले, फोन आले, सगळे विचारायचे काय झालं होतं, वय किती होतं, आणि मी उत्तरं द्यायचे, मायेनेच विचारायचे सगळे, पण बाबांबद्दल असं सलग मी तोवर कोणाशी बोललेच नव्हते.

चौथ्या दिवशी तुमचा फोन आला. "सापडली. चेकॉव्हची आहे."

१८८६ सालची गोष्ट, लिहिणारा जेमतेम २६ वर्षांचा डॉक्टर. रशियन नाव 'तोस्का', ज्यात दुःख, हुरहूर, जीव लागून राहणं असं सगळं एकत्र येतं. तुम्ही दिलेली झेरॉक्स मी जिन्यातच उभी राहून वाचायला लागले आणि तिथेच संपवली. पाच-सहा पानं तर आहेत. पीटर्सबर्गमध्ये संध्याकाळी बर्फ पडतोय, इयोना नावाचा गाडीवान आपल्या गाडीवर वाकून बसलाय, इतका स्तब्ध की अंगावर बर्फाचा ढीग कोसळला तरी झटकणार नाही. त्याचा मुलगा त्याच आठवड्यात वारलाय. गाडीत एक लष्करी अधिकारी बसतो, त्याला तो सांगायला बघतो. मग तीन तरुण बसतात, त्यांना सांगायला बघतो, ते त्याला शिव्या घालतात, धक्के मारतात. मग एक दरवान. मग रात्री मुक्कामाच्या ठिकाणी झोपेतून उठून पाणी प्यायला आलेला तरुण गाडीवान, तो पांघरूण ओढून परत झोपतोही. कोणीच दुष्ट नाही हो तसं, म्हणजे ते तिघं वात्रट आहेत, पण बाकी सगळे फक्त आपापल्या घाईत आहेत. आणि मग इयोना तबेल्यात जातो.

आता खरी गंमत म्हणजे गंमत नाही, खरा धक्का, तो तुम्हाला त्या दिवशी फोनवर नीट सांगता आला नव्हता. माझ्या आठवणीत इयोना घोडीच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडायचा, आणि घोडीच्याही डोळ्यात पाणी असायचं. मला ते इतकं स्पष्ट दिसत होतं की चित्र काढून दाखवलं असतं. गोष्टीत यातलं काही म्हणजे काही नाही. तो तिला समजावतो, समज तुला एक शिंगरू आहे, तू त्याची आई आहेस, आणि ते शिंगरू अचानक गेलं तर वाईट वाटेल ना? घोडी चारा चघळते, ऐकते, आणि मालकाच्या हातांवर श्वास सोडते. मग तो भान विसरून तिला सगळं सांगतो. संपली. शेवटी एक टिपूससुद्धा नाही. म्हणजे ते सगळं रडणं मी घातलं होतं त्यात, किंवा बाबांच्या त्या चष्मा पुसण्यातून ते तिथे गेलं असेल, कोण जाणे, आणि तीस वर्षं मी तीच गोष्ट मनात धरून होते जी अर्धी त्याने लिहिली होती आणि अर्धी आम्ही.

आणि अजून एक. हे मला तिसऱ्यांदा वाचताना दिसलं. इयोना अख्खी गोष्टभर "मुलगा वारला", "मुलगा वारला" म्हणतो. मुलाचं नाव घेत नाही, घेणार कसं, समोरचा तेवढा थांबतच नाही. पहिल्यांदा नाव येतं ते तबेल्यात, घोडीसमोर. कुझ्मा इयोनिच राहिला नाही गं, असं तो तिला सांगतो. इयोनिच म्हणजे इयोनाचा. मुलाच्या नावात बापाचं नाव. माझ्याही नावात आहे, मधोमध. त्या रात्री मी माझं पूर्ण नाव मोठ्याने उच्चारून बघितलं, किती दिवसांनी.

त्यानंतर तुम्ही दर गुरुवारी एक कथा द्यायला लागलात. एकच. मी म्हटलं अख्खा संग्रहच द्या ना, तर म्हणालात, "कादंबरीसारखं वाचू नका. एक झाली की पुस्तक मिटायचं आणि जरा वेळ काही करायचं नाही." आधी मला ते शिस्तीचं वाटलं. पण त्यात तथ्य आहे, आणि एडगर ॲलन पो या अमेरिकन कथाकाराने १८४२ मध्येच लिहून ठेवलंय की कथा एका बैठकीत वाचून व्हायला हवी आणि तिचा परिणाम एकच, एकसंध हवा. संग्रह सलग वाचला की दुसरी कथा पहिलीवर येऊन बसते आणि पहिलीला मनात पसरायला जागाच मिळत नाही. मी आधी वर्षानुवर्षं तशाच वाचायचे, म्हणून इतकं वाचूनही फार थोडं उरलं होतं.

मोपासां या फ्रेंच कथाकाराची नेकलेसची गोष्ट तुम्ही दिलीत तेव्हा मी म्हटलं ही माहितीये मला, शेवट ठाऊक आहे. १८८४ ची, शाळेपासून ऐकलेली, उसना हार हरवतो, नवरा-बायको छत्तीस हजार फ्रँकचा नवा आणून देतात, दहा वर्षं कर्ज फेडतात आणि शेवटी कळतं की मूळ हार खोटा होता. तुम्ही म्हणालात, "शेवट ठाऊक असेल तर आता सुरुवात वाचा." आणि मला दिसलं की हार मागताना ही बिचारी घाबरत घाबरत विचारते, आणि मैत्रीण क्षणाचाही विचार न करता "हो, घे की" म्हणते. सगळं तिथेच आहे! खरा हिऱ्यांचा हार कोण असा पटकन देईल? परत करतानाही ती डबी उघडून बघत नाही. शेवटाच्या धक्क्यावर चालणाऱ्या कथा मला तशा फार आवडत नाहीत, एकदा धक्का बसला की संपलं, पण ही पुन्हा वाचली तर धक्का न बसता नुसतं पोटात तुटतं, कारण आपल्याला माहिती असतं आणि तिला नसतं.

अण्णा भाऊ साठेंची 'स्मशानातील सोनं' तुम्ही देताना जरा थांबला होतात, झेपेल ना असं विचारलंत. खाणीतलं काम बंद पडल्यावर प्रेतांच्या राखेत आणि कबरींत सोनं शोधणारा भीमा, अंधारात कोल्ह्यांशी झुंजणारा. लोकांना ती झुंज लक्षात राहते आणि ती आहेच तशी. माझ्यात रुतून बसलाय तो हात. प्रेताच्या जबड्यात बोटं अडकतात, नंतर ती कापावी लागतात, आणि मग बातमी येते की खाण सुरू होतेय, आणि तो एवढा ताकदवान माणूस लहान मुलासारखा रडतो. लेखक एका शब्दाने सांगत नाही की भीमाचं चुकलं की जगाचं. सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती आणि विसरले असते. सांगितलं नाही म्हणून अजूनही कोणाची बोटं दिसली की मध्येच आठवतं.

हे मला तुमच्यामुळे कळलं, की आपल्यात राहतात त्या कथा आपल्याला काहीतरी करायला लावतात. कुत्रा घेऊन फिरणाऱ्या बाईची १८९९ ची गोष्ट घ्या, तीही चेकॉव्हचीच. हॉटेलच्या खोलीत ती बाई, ॲना, खिन्न बसलीय, आपलं सगळं संपलं असं तिला वाटतंय, आणि तिच्याबरोबरचा गुरोव टेबलावरच्या कलिंगडाची फोड कापून सावकाश खात बसतो. अर्धा तास तसाच जातो. तो वाईट आहे असं कुठे म्हटलंय? कुठेच नाही. मी मात्र कलिंगडाची ती फोड खाली ठेव रे असं मनात ओरडत होते. आणि त्याच माणसाला पुढे खरंखुरं प्रेम होतं, आणि गोष्ट संपते ती आत्ता कुठे सगळ्यात अवघड भाग सुरू होतोय असं सांगून. संपतच नाही म्हणा ना. झायगार्निक नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्ये प्रयोग छापला होता की अर्धवट तोडलेली कामं लोकांना पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात, नंतर सगळ्यांनाच तसा निकाल मिळाला नाही, पण माझ्यापुरतं सांगायचं तर त्या दोघांचं पुढे काय झालं असेल हा विचार मी बसमध्ये, भांडी घासताना, कितीदा केलाय.

बोधकथांसारख्या कथा तुम्ही एकही दिली नाहीत. त्याबद्दलही आभार. त्या काळात मला शहाणपण सांगणारे पुष्कळ होते.

गेल्या रविवारी भाची आली होती, नऊ वर्षांची. तिला घोडीची गोष्ट वाचून दाखवली. मला वाटलं होतं कंटाळेल, पण पूर्ण ऐकली, आणि शेवटी विचारलं, "घोडीचं नाव काय होतं?" मी पानं उलटून पालटून बघितली. नावच दिलेलं नाही तिला कुठे. भाची म्हणाली, "मग त्या आजोबांनी तिला काय हाक मारली असेल?" आणि आम्ही दोघी बराच वेळ नावं शोधत बसलो. मधेच माझा आवाज गेला तेव्हा तिने काही विचारलं नाही, बहुतेक तिलाही वाटलं असेल की चष्म्याला काहीतरी झालंय.

गुरुवारी पुस्तक परत करायला येते. तेव्हा मी आभार मानणार आहे, रांग असली तरी. तुम्ही फक्त "बरं" म्हणा.

तुमची,
घोडीची गोष्ट शोधत आलेली