वाळवंटात चालायचे पण क्रेडिट

संपादक साहेब,
अमेरिकेत वाळवंटात भटकायचे पण कॉलेजचे क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी धरले जाणारे गुणांक, मिळतात हे ऐकून आमच्याकडे सगळे हसले होते, पण भाची युटाच्या कॅन्यनमध्ये असा कोर्स करून आली आणि माझं तरी मत बदललं. 1965 साली पॉल पेट्झोल्ट यांनी वायोमिंग राज्यात असे कोर्स घेणारं नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल काढलं, त्यांचे सेमिस्टर कोर्स तर जवळजवळ तीन महिने चालतात.

आता यात अभ्यास कसला म्हणाल तर, तिथल्या मातीवर काळी खडबडीत साय असते, ती चक्क जिवंत असते, सायनोबॅक्टेरिया (सूक्ष्म जीवाणू), शेवाळ, लायकेन (दगडफूल) वगैरेची, एक पाय पडला की भरून यायला कित्येक वर्षं जातात, म्हणून खडकावरून नाहीतर कोरड्या ओढ्यातूनच चालायचं. आणि त्याच ओढ्यात तंबू मात्र ठोकायचा नाही, कारण पाऊस लांब कुठेतरी पडतो आणि लोंढा इथे येतो, डोक्यावर ऊन असताना! वर्गात बसून हे पाठ होईल हो, पण टिकणार किती दिवस?

तक्रार एकच, फी भरमसाट. आणि आपल्या कॉलेजात क्रेडिट चालतील का ते आधी लेखी विचारून घ्या, भाचीने नंतर विचारलं आणि तिचे निम्मेच धरले.

– एक वाचक