हॅनोव्हरच्या रात्रीतल्या त्या दोघांचे आभार

आमच्या जर्मनच्या वर्गातली एक विद्यार्थिनी यजमानांकडे ग्योटिंगेनला निघाली होती. शेवटची गाडी रद्द झाली, फोनची बॅटरी संपली आणि यजमानांचा नंबर फोनमध्येच. हॅनोव्हर स्थानकावर निळं जॅकेट घातलेल्या एका स्वयंसेवक बाईंनी तिला पाहिलं. आधी गरम चहा दिला, फोन चार्जिंगला लावला, मग चौकशी खिडकीवर नेऊन गाडी रद्द झाल्याचा शिक्का तिकिटावर मारून घेतला. तिकडे ६० मिनिटं उशिराला भाड्याचे २५ टक्के आणि १२० मिनिटांना ५० टक्के परत मिळतात. दावा करताना असा पुरावा हाताशी असलेला बरा.

बाईंना इंग्रजी येत होतं, तरी त्या मुद्दाम सावकाश जर्मनच बोलल्या. पहाटेच्या गाडीची वेळ आणि फलाट त्यांनी मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दिला. यजमान काका तर पहाटे स्थानकावर येऊन उभे होते!

ही मुलगी नेहमी म्हणते, पाहुणचाराची देवाणघेवाण म्हणजे फुकटचं हॉटेल नव्हे; न्याहारीच्या टेबलावर जी भाषा कानावर पडते, ती वर्गात मिळत नाही. आम्हालाही ते पटतं. प्रवाशांना आणि त्यांना घरी पाहुणे म्हणून ठेवणाऱ्या यजमानांना जोडणारी सर्व्हास ही संस्था १९४९ पासून याच विश्वासावर चालते.

निघणाऱ्या मुलांनो, यजमानांचा नंबर आणि पत्ता कागदावर लिहून पाकिटात ठेवा. त्या बाईंचे आणि काकांचे आम्हा सर्व शिक्षकांकडून मनापासून आभार.