तुझं लिहिलेलं आता चुकणार नाही

पुणे,
रविवार, सकाळ

प्रिय मित्रा,

काकांवर तू लिहिलेला लेख मी काही आठवड्यांपूर्वी वाचला. तो तू लिहिलास त्याला अकरा महिने झाले. सायकलच्या कॅरिअरला बांधलेली ती हिरवी पिशवी, शनिवारी दुपारी त्यातून आपल्या दोघांच्या हातावर पडणारे पेरू, सगळं डोळ्यांपुढे आलं. आणि तुला मी एक ओळसुद्धा कळवली नव्हती. ज्या ॲपवर तू लेखाची लिंक टाकलीस, तिथे मी रोज तास-दीड तास असायचो. तरी तो माझ्यापर्यंत आलाच नाही. तुला वाटलं असेल, वाचूनही गप्प बसला. तसं नव्हतं रे. ते फार लागलंय मला.

त्या तासा-दीड तासात मी काय बघत होतो? अनोळखी माणसांची भांडणं, जाहिराती, कुणाच्या तरी घराचे व्हिडिओ. समोर काय यावं हे मी ठरवत नव्हतो. लेख वाचला त्याच रात्री ते ॲप काढून टाकलं आणि पुन्हा फीड रीडरकडे आलो, म्हणजे आपण निवडलेल्या ब्लॉगांवरचं नवीन लिखाण एका जागी आणून देणाऱ्या ॲपकडे.

तुला गूगल रीडर, गूगलचा तसाच फीड रीडर, आठवत असेल. 1 जुलै 2013 ला ते बंद झालं, तेव्हा मला वाटलं ती पद्धतच संपली. पण ज्यावर हे रीडर चालतात ते आरएसएस (संघ नव्हे, वेबसाइटवरचं नवीन लिखाण कळवण्याची पद्धत) कुठेच गेलं नव्हतं. 1999 मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत त्याची सुरुवात झाली. पुढची 1.0 आवृत्ती घडवणाऱ्यांत ॲरन स्वार्ट्झ होता, अवघ्या चौदा वर्षांचा! आजही बहुतेक पॉडकास्ट याच वाटेने आपल्याकडे येतात. काम अगदी साधं आहे. ब्लॉगवर नवीन लेख आला की त्याचं शीर्षक, तारीख, लिंक, पुष्कळदा अख्खा लेखच एका फाइलमध्ये नोंदला जातो. तेच त्या ब्लॉगचं फीड. रीडर थोड्या थोड्या वेळाने ती फाइल बघून येतो आणि नवीन असेल ते आणून ठेवतो. मासिकाची वर्गणी भरावी तसं. मी ज्याचा वर्गणीदार, तेच घरी येणार, आणि एकही अंक मधल्यामधे गळणार नाही.

सुरुवातीला एक चूक केली. एका वर्तमानपत्राचं सगळंच्या सगळं फीड घेतलं. रोज दोनशे नोंदी, आणि न वाचलेल्यांचा आकडा सारखा डोळ्यांपुढे. चार दिवसांत तीच जुनी धाप लागली. ते फीड काढलं, आकडाही सेटिंगमधून लपवला. आता अडतीस फीड आहेत. ‘माणसं’ नावाच्या फोल्डरमध्ये अकरा, त्यात पहिला तू. यूट्यूब चॅनलांनाही फीड असतं, त्यामुळे जुन्या बैठकींची रेकॉर्डिंग टाकणारं ते चॅनलही इथेच येतं.

आज सकाळी नऊ नोंदी होत्या. चहाबरोबर वाचून झाल्या, आणि पुढे काही नव्हतं. यादी संपली याचं किती बरं वाटलं, काय सांगू! कितीही खाली सरकवलं तरी कधीच न संपणारं पान 2006 मध्ये एझा रास्किन या डिझायनरांनी तयार केलं होतं. पुढे त्यांनीच त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. त्या संपण्याची किंमत मला आता कळते आहे.

काही गमावलंही आहे. आपल्यातले दोघं-तिघं फक्त त्या ॲपवरच लिहितात, ते दिसत नाहीत. त्यांना मी रविवारी फोन करतो.

तूही करून बघ. आयफोनवर नेटन्यूजवायर, अँड्रॉइडवर फीडर, दोन्ही फुकट आहेत. माझ्या यादीची ओपीएमएल फाइल मेलने पाठवतोय. ती रीडरमध्ये उघडलीस की सगळी फीड एकदम येतील. नको ती बिनधास्त काढ, आणि तुझी यादी मला पाठव.

आणि काकांची एक गोष्ट तुझ्या लेखात नाही. ती तुला ठाऊकच नसावी. दहावीचा निकाल लागला त्या दुपारी मी गणितात नापास झालो होतो आणि घरी जायला धजत नव्हतो. काका मला नदीकाठी शोधत आले. काहीच बोलले नाहीत. पिशवीतून पेरू काढला, अर्धा मला दिला, आणि सायकल हातात धरून घरापर्यंत माझ्यासोबत चालत आले. ती तुझ्या लेखात घाल.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र