खुब्यावरचा हात

इंदूर, रविवार दुपार

चि. अनिकेत यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या खुब्याच्या एमआरआयचा रिपोर्ट तीनदा वाचला. फोनवर तू म्हणालास, "आई, ऑपरेशन करू का नको, एका शब्दात सांग." एका शब्दात सांगता येत नाही रे, म्हणून हे पत्र. बाबा म्हणतात व्हॉइस मेसेज टाक. पण ऐकलेले आकडे तू संध्याकाळपर्यंत विसरशील.

खरं तर मला दिवाळीतच कळायला हवं होतं. राजवाड्यापाशी रिक्षातून उतरताना तू खुब्यावर हात धरलास. अंगठा मागे, बोटं पुढे जांघेकडे, इंग्रजी 'सी' काढल्यासारखा. खुब्याच्या आतलं दुखणं असलेला माणूस एका बोटानं जागा दाखवत नाही, असाच पंजा लावतो. 27 वर्षं मी फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना ही खूण शिकवतेय. पाडव्याला जेवताना तू उजवा पाय पाटाबाहेर लांब केलास, तेव्हा आजी म्हणाली, "पुण्याला जाऊन मांडी घालायचंही विसरला का हा?" आणि मीही सगळ्यांबरोबर हसले.

तर आत काय झालंय ते बघ. मांडीच्या हाडाचा गोळा जिथे त्याच हाडाच्या मानेला मिळतो तिथे खोलगट वळण हवं, तुझ्याकडे तिथे उंचवटा आहे. याला कॅम म्हणतात. रिपोर्टमधला अल्फा अँगल 64, म्हणजे या उंचवट्याचं माप, तेच सांगतो. तू खाली बसलास, पाय आत वळवलास, की हा उंचवटा, तो गोळा ज्या वाटीत बसतो तिच्या कडेवर आपटतो. त्या कडेला लेब्रम नावाची रबरी वायसरसारखी पट्टी असते, ती फाटते. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे सर्जन गान्झ यांनी 2003 मध्ये मांडलं की ही घासाघीस पुढे संधिवाताला कारण होऊ शकते, आणि तिथून हा उंचवटा तासायच्या ऑपरेशनची लाट आली. असा उंचवटा बरेचदा किशोरवयात, हाडं वाढत असताना, भरपूर खेळणाऱ्या मुलांत तयार होतो. बाराव्या वर्षापासून चिमणबागेत सकाळ-संध्याकाळ यष्टीमागे उकिडवा बसायचास, आणि स्कूटीवरून सोडायला मीच यायचे. असो.

उंचवटा असूनही कधीच न दुखणारी माणसं पुष्कळ असतात. म्हणून 2016 मध्ये ब्रिटनमधल्या वॉरविकला जमलेल्या तज्ज्ञांनी ठरवलं की दुखणं, तपासणीतल्या खुणा आणि फोटो, तिन्ही जुळले तरच हा आजार म्हणायचा. तुझे तिन्ही जुळतात.

आता माझ्या धंद्याची हार आधी सांगते. ब्रिटनमध्ये 348 रुग्णांच्या दोन तुकड्या चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पाडल्या, एकीला दुर्बिणीतून ऑपरेशन, दुसरीला नीट आखलेली फिजिओथेरपी. 2018 मध्ये निकाल छापून आला. शंभरपैकी गुण देणाऱ्या प्रश्नावलीत वर्षभरानं ऑपरेशनवाले सरासरी 39 वरून 59 वर गेले, व्यायामवाले 36 वरून 50 वर. पुढच्या वर्षी 222 जणांची दुसरी चाचणी आली, तिथेही आठ महिन्यांनी ऑपरेशनच पुढे. वाचून मला राग आला होता, लपवत नाही. मग एक पेशंट आठवली. बँकेत होती, चाळिशीची. तिनं ऑपरेशनचं नाव काढलं की मी हसून "आधी व्यायाम" म्हणायचे. दीड वर्ष तेच. शेवटी ती सर्जनकडे गेली तेव्हा कूर्चा इतकी झिजली होती की दुर्बिणीनं काही होण्यासारखं उरलं नव्हतं, असं त्यांनी सांगितलं. त्या दीड वर्षातलं थोडं माझ्या खात्यावर आहे.

पण 59 म्हणजे 100 नव्हे, हेही बघ. त्या दुसऱ्या चाचणीत "आता हे असं चालेल मला" म्हणण्याइतके बरे झालेले ऑपरेशनवाल्यांत 48 टक्के होते, व्यायामवाल्यांत 19. म्हणजे टेबलावर जाऊन आलेल्यांतही निम्म्यांना मनासारखं वाटलं नाही. तुझे सर्जन "छान होईल" म्हणाले असतील, तर छान म्हणजे काय ते विचार. ऑफिसची खुर्ची, जिने, मांडी घालून जेवण की परत कीपिंग? डेन्मार्कमध्ये तुझ्याच वयाच्या 189 खेळाडूंना ऑपरेशननंतर विचारलं. आपल्या जुन्या खेळात जुन्या पातळीवर परतलेले 57 टक्के. आणि पूर्वीइतकंच उत्तम खेळतोय म्हणणारे जेमतेम 17. रविवारच्या मॅचसाठी करणार असशील तर हा आकडा दोनदा वाच. तुझ्या लाडक्या टेनिसवाल्या अँडी मरेचं 2018 च्या जानेवारीत दुर्बिणीतूनच ऑपरेशन झालं होतं. पुढच्या जानेवारीत त्याला खुब्यात धातू बसवावा लागला. त्याच वर्षी तो पुन्हा जिंकायलाही लागला, ते वेगळं.

"आत्ता नाही केलं तर पुढे खुबा बदलावा लागेल" असं कुणी म्हणालं तर घाबरून सही करू नकोस. उंचवटा तासल्यानं संधिवात टळतो, हे अजून सिद्ध झालेलं नाही. ऑपरेशन दुखण्यासाठी करायचं. तुझ्या बाजूनं चांगलं एवढं की सांध्यातलं अंतर 4 मिलिमीटर आहे आणि वाटी उथळ नाही. अंतर 2 च्या खाली असतं तर मी पत्र लिहिलंच नसतं, सरळ नको म्हटलं असतं.

भोकं दोन-तीनच असली तरी टेबलावर पाय ताणून सांधा उघडतात. त्या ताणानं किंवा भोकांमुळे जांघेत, मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा येऊ शकतो, बहुतेकदा काही आठवड्यांत जातो. मांडीच्या हाडाची मान मोडणं किंवा पू होणं क्वचित. पुन्हा ऑपरेशन करावं लागतं ते बरेचदा पहिल्या वेळी उंचवटा पुरता तासला गेला नाही म्हणून. तेव्हा हेच काम नेहमी करणारा हात हवा. गुडघ्याच्या दुर्बिणीत नाव असलेला माणूस खुब्यात तेवढाच सरावलेला असेल असं नाही. वर्षाला किती करता, हे विचारायला लाजू नकोस.

माझं मत विचारशील तर आधी तीन महिने दे. "फिजिओ करून झाली" असं तू म्हणतोस, पण सहा दिवस मशीनचा शेक घेणं म्हणजे फिजिओ नव्हे रे. कुल्ल्याचे आणि पोटाचे स्नायू घडवायचे, खोल बसणं बंद, बाइक कमी. तुझ्या भागातली माझी एक विद्यार्थिनी आहे, तिला मी आजच फोन करते. मार्चपर्यंत जिना चढताना तोच पंजा खुब्यावर जात असेल तर कर ऑपरेशन, मी स्वतः तारीख घ्यायला येईन. दीड वर्ष मात्र थांबू देणार नाही.

तसं झालं तर दोन ते चार आठवडे कुबड्या, पळायला तीन-चार महिने, खेळायला सहा धर. तुझ्या फ्लॅटमध्ये कमोड आहे ना? नसेल तर घरमालकाशी आत्ताच बोल, उकिडवं बसणं चालायचं नाही.

मी लिहीत बसले होते तेवढ्यात बाबांनी माळ्यावरून आजोबांच्या लाकडी कुबड्या काढून फडक्यानं पुसून ठेवल्यात. आजोबा पाच फूट तीन इंच होते. मी अजून काही बोलले नाहीये.

तुझी
आई