पंचवीस हजारांचा हिशेब

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आप्पा, पुस्तकं आली का?" आणि मी "आली" एवढंच म्हणालो. तुझी मीटिंग होती. पण गावच्या ग्रंथालयाला पुस्तकं घ्यायला तू पाठवलेले पंचवीस हजार रुपये काही थोडे नव्हेत, आणि तेहेतीस वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून तिकिटांच्या हिशेबाचं वेबिल लिहिलेल्या माणसाला हिशेब दिल्याशिवाय झोप लागत नाही. व्हॉट्सअॅपवर एवढं लिहायला माझी बोटं पुरायची नाहीत, म्हणून कागद घेतला.

आधी कबुली देतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझं लक्ष तिकडे राहायला नको. तू पाठवलेल्या 31 पुस्तकांच्या यादीतली मी फक्त नऊ घेतली.

यादी खिशात घालून पास दाखवून पुण्याला गेलो. अप्पा बळवंत चौकात दुकानदाराने यादीवर नजर फिरवली आणि म्हणाला, "सगळं तयार आहे काका, दहा मिनिटांत गठ्ठा बांधून देतो." तिथंच मनात पाल चुकचुकली. स्वारगेटला गाडीत बसलेला प्रत्येक जण एकाच स्टॉपचं तिकीट मागायला लागला, की कंडक्टरला शंका येते ना, तसं. तुझ्या यादीतली बारा पुस्तकं सवयी लावायची, वेळ वाचवायची आणि पैसा वाढवायची होती. एकात म्हणे पहाटे पाचला उठल्यावर आयुष्य कसं बदलतं ते सांगितलंय. मनू, ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षांवरच्या दावण्या रोगाच्या धास्तीनं आपल्याकडची माणसं पहाटे तीनला औषध फवारायचा ब्लोअर घेऊन बागेत असतात. त्यांचं आयुष्य बदलायचं असेल तर त्यांना उलट सातपर्यंत झोपायला शिकवणारं पुस्तक हवं.

मग शेजारच्या हॉटेलात चहा घेतला आणि पिशवीतून देवघेवीची वही काढली. ती मी मुद्दाम नेली होती. कागदावर आपले 214 सभासद, पण खरोखर जिना चढून येणारे साठ-पासष्ट. एकेक नाव वाचत गेलो आणि नावापुढे लिहीत गेलो की ह्याला काय, हिला काय. दोन चहा झाले. दुकानात परत गेलो तेव्हा यादी बदललेली होती.

तुला हसू येईल म्हणून आधीच सांगतो. यात सगळी काही कालची छापलेली पुस्तकं नाहीत. आपलं ग्रंथालय 'ड' वर्गातलं. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखालच्या नियमांनी अ, ब, क, ड असे वर्ग पाडले, त्यात आपण शेवटच्या डब्यात. अनुदान हप्त्याने येतं. शासनमान्य यादी बघायची, कोटेशन घ्यायची, समितीची सभा भरवायची, आणि सभेला कोरम होईपर्यंत नवीन पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघालेली असते. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानची पुस्तकंही येतात, ती देवाचा प्रसाद म्हणून घ्यायची, निवडायची नाहीत. त्यामुळे आपल्या कपाटात जे आजवर आलेलं नाही ते आपल्याला नवीन. तुझ्या पैशाला समितीची सही लागली नाही, म्हणून पहिल्यांदाच मला माणूस बघून पुस्तक घेता आलं.

बाजारपेठेतले शिंपीकाका तुला आठवतात. तुझ्या शाळेच्या गणवेशाला दोन इंच जास्त कापड आत दुमडून ठेवायचे, पुढच्या वर्षी सोडायला. त्यांच्यासाठी देविदास सौदागर यांची 'उसवण' घेतली. हा तुळजापूरचा लेखक, स्वतः शिवणकाम केलेला. 2024 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला तिला. छोटीशीच कादंबरी, रेडिमेड कपड्यांच्या लाटेत धंदा बुडत चाललेल्या शिंप्याची. काका एरवी पेपर सोडून काही वाचत नाहीत. मी पुस्तक मशीनवर ठेवून आलो, नोंदसुद्धा मीच केली. तिसऱ्या दिवशी जिना चढून वर आले, धापा टाकत. म्हणाले, "आप्पा, ह्यो माणूस माझ्या दुकानात येऊन बसला हुता काय?" मग बराच वेळ गप्प बसले. जाताना विचारलं, "असलं आणखी काय हाय?" तेहेतीस वर्षांत मला कुणी पुढच्या गाडीची वेळ इतक्या आतुरतेने विचारली नव्हती.

दुसरं पुस्तक कृष्णात खोतांचं 'रिंगाण'. त्याला 2023 चं अकादमी पारितोषिक आहे, पण मी ते घेतलं पलीकडच्या पुनर्वसन वसाहतीतल्या आजींसाठी. त्यांचं मूळ गाव वारणेच्या धरणात गेलं. आजींना अक्षरओळख नाही. त्यांचा नातू बारावीत आहे, सभासद तो. कादंबरीत धरणग्रस्त माणसं मागे राहिलेली म्हैस आणायला जुन्या गावाकडे निघतात, आणि इतक्या दिवसांत तिथली जनावरं पार रानटी झालेली असतात. खोत पन्हाळ्याच्या बाजूचे, भाषा आजींना परकी नाही. नातू रोज रात्री जेवणं झाल्यावर आठ-दहा पानं मोठ्यानं वाचतो. सकाळी मी वसाहतीवरून फिरायला जातो तर आजी ओट्यावरून विचारतात, "घावली का वो म्हस?" मी म्हणतो, मला ठाऊक नाही. एकदा त्याच म्हणाल्या, "आमची भुरी गाय ट्रकात चढंना. रातभर हंबरत हुती. मालकांनी दावं कापलं आन् म्हनले, जा बाई." एवढं बोलून त्या शेंगा फोडायला लागल्या. नातवाला ही गाय ठाऊक नव्हती. त्याच्या बापालाही नव्हती, असं नंतर कळलं.

बरं, तुझ्या यादीतलं 'सेपियन्स' मी घेतलं, आणि तिथं तुझी निवड बावनकशी निघाली हे मान्य करतो. एवढं जाड आणि महाग पुस्तक कोण नेणार, असं मला वाटलं होतं. निवृत्त मुख्याध्यापक गुरुजींनी नेलं आणि महिनाभर ठेवून घेतलं. लेखक हरारी त्यात म्हणतो की माणसानं गव्हाला पाळलं हे खोटं, गव्हानंच माणसाला पाळलं. चांगला रानावनात हिंडत होता, त्याला एका जागी बसवलं, पाठ मोडेपर्यंत राबवलं. गुरुजींना हे अजिबात पटलं नाही. पारावर त्यांनी हा विषय काढला तेव्हा वीसेक माणसं असतील. गुरुजी सांगत होते की शेती नसती तर शाळा नसती, लिपी नसती, हे पुस्तकही नसतं. ते बरोबरच आहे. पण आपल्या ओढ्याकडचा तो चार एकरवाला बागायतदार, ज्याच्या बागेत तू लहानपणी घड चोरताना सापडली होतीस, तो शांतपणे म्हणाला, "गव्हाचं मला ठावं न्हाई गुर्जी. पर द्राक्षानं मला पाळलंय ते खरंय. पानी कवा, औशद कवा, पोरीचं लगीन कवा, समदं तीच ठरवती." सगळे हसले. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं पुस्तक मागितलं. त्याच्या घरात आजवर बागायतदार संघाचं 'द्राक्षवृत्त' तेवढं यायचं. गुरुजींनी पानोपानी पेन्सिलीनं समासात भांडण लिहून ठेवलं होतं. नियमाप्रमाणे मी ते खोडायला लावलं, खोडरबरही मीच दिलं. एक खूण मात्र राहू दिली. गव्हाच्या पानावर त्यांनी लिहिलंय, "विचार करण्यासारखे."

अभ्यासिकेतल्या पोरांचं वेगळंच. ती कथा-कादंबरीच्या कपाटाकडे पाठ करूनच बसतात, म्हणजे खुर्च्याच तशा मांडल्यात. त्यांना गाइड हवं, तेही यंदाचं. गाइडात पैसा घालायला माझा जीव होत नाही, कारण पुढच्या वर्षी ते रद्दीत. पण 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. आता गोल काळे करून भागत नाही, स्वतःची वाक्यं लिहावी लागतात. ती संधी साधली. नंदा खरे यांची 'उद्या' आणून ठेवली आणि सांगितलं, निबंधाला उपयोगी आहे. थोडं खोटं बोललो. ती कादंबरी आहे, येणाऱ्या काळात माणसाच्या प्रत्येक हालचालीवर कशी नजर राहील त्याची. एका पोराने आठ दिवसांनी परत केली तेव्हा त्याच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी होती. पण खरी चर्चा झाली ती वेगळ्याच गोष्टीवर. खरे यांना 2020 चं अकादमी पारितोषिक जाहीर झालं आणि त्यांनी ते नाकारलं, समाजाने मला भरपूर दिलं म्हणून. "एक लाख रुपये नाकारले?" पोरं हे पुनःपुन्हा विचारत होती. तीन-तीन वर्षं भरतीच्या जाहिरातीची वाट बघणाऱ्या पोरांना ते पटणं अवघडच आहे. मी काही बोललो नाही.

मुलांच्या पुस्तकांवर जवळजवळ सहा हजार गेले. जास्त वाटतील, पण चित्रांची पुस्तकं चांगल्या कागदावरची घ्यावीत, नाहीतर मुलं त्यांना पेपरच समजतात. माधुरी पुरंदरे यांची घेतली. चित्रंही त्यांचीच असतात, त्यामुळे लिहिलंय एक आणि काढलंय भलतंच, असं होत नाही. एक पुस्तक हळदीची बोटं उमटून परत आलं. दंड घेतला नाही, शेऱ्यात 'वापरले' असं लिहिलं. एकनाथ आव्हाडांच्या 'छंद देई आनंद'मधल्या कविता तिसरीतली एक पोरगी जिन्यात पाय आपटत म्हणते, त्यामुळे अभ्यासिकेतून तक्रार आली. भारत सासणे यांच्या 'समशेर आणि भूतबंगला'ची एकच प्रत घेतली ही माझी चूक. नावातच भूतबंगला म्हटल्यावर काय व्हायचं! भिंतीवर नंबर लावावे लागले. एकानं नंबर विकलासुद्धा, दोन गोट्यांना.

बचत गटाच्या बायकांसाठी मी सुधा मूर्तींची अनुवादित पुस्तकं घेतली. ती जातात, कायमच जातात, त्यात माझं काही कर्तृत्व नाही. मात्र गटाच्या सचिव बाईंनी ती बाजूला सारून तुझ्या यादीतलं गुंतवणुकीचं पुस्तक उचललं आणि मला एसआयपी म्हणजे काय ते विचारलं. मला सांगता आलं नाही. तेव्हा त्या बारा पुस्तकांविषयी वर जे लिहिलं, त्यातून हे एक वगळ. पुढच्या रविवारी फोन करशील तेव्हा त्यांना समजावून सांग, मी फोन स्पीकरवर ठेवीन.

फसलेलीही आहेत. सुधीर रसाळांचं 'विंदांचे गद्यरूप' 2024 चं अकादमी पुरस्काराचं पुस्तक म्हणून हौसेनं घेतलं. समीक्षा आहे. माझी दहा पानं झाली, पुढे गाडी चढेना. अजून कुणी हात लावलेला नाही. तरी दाखल नोंदवहीत चढवून कपाटात उभं केलंय. एखादा प्राध्यापक जावई गावात यायचा आणि विचारायचा.

एकूण 97 पुस्तकं. सूट धरून 24,640 रुपये. उरलेल्या 360 तून कव्हरचं प्लॅस्टिक आणि डिंक. पावत्या फाइलला लावल्यात.

आता एक जुनी गोष्ट. माझी निम्मी नोकरी मुक्कामी गाडीवर गेली. तू झोपताना मी कुठल्या तरी वाडीत एसटीच्या मागच्या सीटवर झोपलेलो असायचो. गोष्टी तुला आईनं सांगितल्या, मी फक्त प्रवाशांनी टाकलेले पेपर आणून दिले. तुला आठवतंय का, मिरजेच्या गाडीत कुणाचं तरी गोष्टींचं पुस्तक राहिलं होतं? मी ते घरी आणलं, तू रात्रभर उशाशी घेतलंस, आणि सकाळी नियम म्हणून मी ते डेपोत जमा केलं. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. आज वाटतं, एक दिवस उशिरा जमा केलं असतं तर काय एसटी बुडाली नसती.

तुझं सभासदत्व मी अजून चालू ठेवलंय, क्रमांक 41. परवा त्यावर किरण गुरव यांचं 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी' चढवलं. गावाकडून शहरात शिकायला गेलेल्या पोराची कथा आहे त्यात. मी वाचली, काही ठिकाणी थांबून वाचली. तुला शनिवारच्या पार्सलनं पाठवतोय, तुझ्या आईनं त्यात बेदाणे घातलेत, तेव्हा पिशवी सरळ धरून उघड. परतीची तारीख दिवाळीची टाकली आहे. उशीर झाला तर दिवसाला 50 पैसे, आणि ते फोनवरून भरून चालत नाहीत, समक्ष यावं लागतं.

तुझा,
आप्पा