बाळामागे दहा हजार युरो देऊनही गाव का ओसरते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फिनलंडमधल्या लेस्तियार्वी या गावाने प्रत्येक बाळामागे 10,000 युरो दिल्याची बातमी आपल्याकडे अधूनमधून फिरते. मूल झाले की लॉटरी लागते, असा तिचा सूर असतो आणि पुढचे सांगायचे राहून जाते. पैसे एकरकमी मिळत नव्हते. गावात राहत असाल तर वर्षाला 1,000, असे दहा हप्ते होते. 2012 साली गावात एकच मूल जन्मले होते, म्हणून 2013 पासून ही योजना आली. दहा वर्षांत साठेक मुले झाली, चार लाखांहून अधिक युरो खर्च झाले, तरी वस्ती पाचव्या हिश्शाने घटली. शेवटी योजना बंद झाली. खरी गळती अठरा-एकोणीसच्या वयाला होते. शिकायला ओउलू किंवा तांपेरे गाठलेली मुले सहसा परतत नाहीत, आणि मुलींचे जाण्याचे प्रमाण मुलांहून जास्त असते.

हे नीट समजायचे तर तिथला कारभार कसा चालतो ते पाहावे लागते. तिथे ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका असे वेगळे थर नाहीत. हेलसिंकी असो की सातेकशे वस्तीचे लुहान्का, दोन्ही ‘कुन्ता’च (म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्था), आणि मुख्य भूमीवरच्या सगळ्या कुन्तांना एकच कायदा लागू. उत्तरेकडची इनारी ही कुन्ता पाण्यासकट 17,000 चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याएवढी. माणसे सात हजारांच्या आसपास. कुन्ता स्वतःचा आयकर लावते, दरही स्वतः ठरवते.

1 जानेवारी 2023 ला या व्यवस्थेत मोठा बदल झाला. आरोग्य आणि समाजकल्याण कुन्तांकडून काढून 21 नव्या प्रादेशिक संस्थांकडे दिले (हेलसिंकी शहराने ते स्वतःकडेच ठेवले). त्या बदल्यात प्रत्येक कुन्तेच्या आयकराच्या दरातून सरसकट 12.64 टक्के-अंक वजा झाले. सरासरी दर 20 टक्क्यांवरून साडेसातच्या खाली आला. म्हाताऱ्या गावांवरचा दवाखान्याचा आणि वृद्धसेवेचा बोजा उतरला, हे चांगलेच झाले. पण आता कुन्तेच्या हाती मुख्यतः बालवाड्या, शाळा, वाचनालय, रस्ते आणि पाणी एवढेच उरले. सरकारी अनुदान वयाच्या रकान्यांवरून ठरते: 0–5, 6, 7–12, 13–15 आणि 16 च्या पुढचे. सर्वात मोठी रक्कम 13–15 च्या रकान्याला आहे. मूल सोळाचे झाले की त्याच्यामागची रक्कम एकदम नाममात्र होते. म्हणून गावाची एकूण लोकसंख्या सांगणारा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. पहिल्या चार रकान्यांत किती नावे आहेत, ते विचारा.

अनुदान मुलागणिक घटते, खर्च मात्र तसा घटत नाही. वर्गात वीसऐवजी बारा मुले बसली तरी शिक्षक एकच लागतो. कायद्याने मिळणारे मोफत जेवण रोज शिजवावे लागते. बाहेर उणे 25 असताना इमारत तापती ठेवावीच लागते, नाही तर नळ गोठून फुटतात. मग शाळा बंद करण्याचा ठराव येतो. पण घर ते शाळा अंतर पाच किलोमीटरहून जास्त झाले की ने-आण मोफत, आणि तेरा वर्षांखालच्या मुलाचा थांबण्यासकट प्रवास दिवसाला अडीच तासांपलीकडे जाता कामा नये. इमारतीवर वाचलेला पैसा बराचसा टॅक्सीच्या बिलात जातो. हा हिशेब ठरावाआधी मांडला जावा, एवढी साधी अपेक्षा आहे.

दुसरी अडचण आरोग्य केंद्राच्या इमारतींची. सेवा प्रादेशिक संस्थेकडे गेली, इमारत आणि तिचे कर्ज कुन्तेकडेच राहिले. भाड्याची कायदेशीर हमी तीन वर्षे, फार तर आणखी एक. केंद्र बंद करायचे की नाही, हा निर्णय दुसरीकडे होतो आणि ओस इमारत गावाच्या गळ्यात पडते. याविषयी फार कमी लिहिले जाते.

‘लहान गावे जोडून टाका’ हा सल्लाही वाटतो तितका सोपा नाही. 1 जानेवारी 2009 या एकाच दिवशी कुन्ता 415 वरून 348 वर आल्या. आज तीनशेहून थोड्या अधिक आहेत. त्या वेळच्या कायद्याने विलीन कुन्तांमधल्या कर्मचाऱ्यांना पाच वर्षे आर्थिक कारणावरून काढता येत नव्हते, त्यामुळे अपेक्षित बचत लांबली. त्याच दिवशी दहा कुन्तांचे मिळून नवे सालो झाले, सुमारे 55 हजारांचे. 2012 ला तिथला नोकियाचा मोबाइल कारखाना बंद पडला, कंपनी कराचे उत्पन्न आटले, आणि आता वस्ती 50 हजारांच्या आसपास आहे. नकाशावरची रेघ पुसल्याने रोजगार टिकत नाही.

नार्पेस हे उलटे उदाहरण. पश्चिम किनाऱ्यावरचे हे स्वीडिश भाषक गाव काचगृहांतल्या टोमॅटोवर चालते. तिथे आधी बोस्नियातून, पुढे व्हिएतनाममधून माणसे कामाला आली, कुटुंबे आली, वर्ग भरले. आधी काम, मग घर, मग मूल, हा क्रम तिथे जुळला. लेस्तियार्वीत आता 69 पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांच्या मालमत्ता कराने तिजोरीला आधार मिळेल, वर्गातली मुले त्याने वाढणार नाहीत.

आणखी एक अडचण माणसांची. पाच हजारांपर्यंत वस्ती असली तरी परिषदेत किमान 13 सदस्य हवेत. शिवाय कार्यकारी मंडळ, लेखापरीक्षण समिती, निवडणूक समिती, प्रत्येकाला पर्यायी सदस्य, आणि समित्यांत स्त्री-पुरुष दोघांचेही किमान 40 टक्के. सातशे माणसांत एवढी नावे जमवताना दमछाक होते.

फिनलंडमध्ये नोकरीला असलेल्या मराठी मंडळींनी हेही लक्षात ठेवावे: तिथे सलग दोन वर्षे नोंदणीकृत वास्तव्य असलेल्या प्रौढ परदेशी रहिवाशाला कुन्तेच्या निवडणुकीत मत देता येते, उभेही राहता येते. नागरिकत्व लागत नाही, मतदार यादीत वेगळे नाव घालावे लागत नाही. मागची निवडणूक एप्रिल 2025 मध्ये झाली. मुदत चार वर्षांची असते.

आपला,
एक वाचक, ओउलू (फिनलंड)