पोच आधी की काम आधी

प्रिय मित्रा,

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर दिले नाही, याबद्दल रागावण्याचा तुझा हक्क मला मान्य आहे. प्रकृती ठीक आहे, पाठ अधूनमधून आठवण करून देते. आज लिहितो आहे ते मात्र अशा विषयावर, जो घरी काढला की सगळ्यांना तातडीची कामे आठवतात.

आमच्याकडे ऑर्डरचे संदेश आता जेएमएस क्यूमधून, म्हणजे प्रोग्रॅममधले संदेश धरून ठेवणाऱ्या रांगेतून, येणार आहेत आणि डब्ल्यूएसओटू या प्रणाली जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते उचलणारा इनबाउंड एंडपॉइंट बसवला आहे. सिक्वेन्स (संदेशावर करायची कामे), ऑनएरर (चूक झाली तर करायची कामे), इंटरव्हल, सगळे रकाने व्यवस्थित भरलेले. चाचणीच्या वेळी मी मुद्दाम डेटाबेस बंद करायला लावला आणि संदेश सोडले. क्यू क्षणात रिकामी झाली, लॉगमध्ये त्रुटींची रांग लागली आणि डेटाबेस चालू केल्यावर तिथे एकही ऑर्डर नव्हती. त्यावर आमचे प्रमुख समाधानाने म्हणाले, "क्यू तुंबत नाही, हे उत्तम." आपले सर असते तर त्यांनी खडू फेकून मारला असता.

कारण तू ओळखलेच असशील. अॅक्नॉलेजमेंट ऑटोवर होते, त्यामुळे एंडपॉइंटने संदेश उचलला त्याच क्षणी ब्रोकरला, म्हणजे क्यू सांभाळणाऱ्या सर्व्हरला, पोच मिळाली; पुढे त्या संदेशाचे काय झाले, याच्याशी ब्रोकरचा संबंध उरला नाही. आवक बारनिशीतल्या कारकुनाने लखोटा न उघडताच "कार्यवाही पूर्ण" असा शिक्का मारावा, तसा हा प्रकार. सेशन ट्रान्झॅक्टेड करा, म्हणजे काम फसले तर संदेश क्यूत परत जाईल, असे मी सुचवले आणि ते करूनही संदेश गेलेच, कारण ऑनएररच्या सिक्वेन्समध्ये फक्त लॉग लिहिला जात होता. तिथे 'सेट रोलबॅक ओन्ली' (फक्त माघार घ्या) खरे केल्याशिवाय इंजिन बिनदिक्कत कमिट करते, म्हणजे काम झाले असे धरून संदेश क्यूतून काढून टाकते. शिवाय 'सिक्वेन्शियल' (एकामागून एक) खोटे ठेवले, तर काम दुसऱ्या थ्रेडवर, म्हणजे समांतर चालणाऱ्या वेगळ्या धाग्यावर, जाते आणि त्याचा निकाल लागण्याआधीच कमिट होऊन जाते. हे शेवटचे मी तोंडाने समजावून थकलो आणि अखेर दोन्ही थ्रेडच्या लॉगमधल्या वेळा शेजारी शेजारी मांडून दाखवल्या.

प्रमुखांना वाटणारी क्यू तुंबण्याची भीती अगदीच पोकळ नाही, हे तुझ्यापुरते कबूल करतो. एकच बिघडलेला संदेश रोलबॅक होऊन पुन्हा पुन्हा परत येत राहिला, तर मागचे सगळे खोळंबतात. पण त्यासाठी डेड लेटर क्यू, म्हणजे न पचलेल्या संदेशांची वेगळी रांग, आहे. अॅक्टिव्हएमक्यू हा ब्रोकर मूळ मांडणीत 6 वेळा पुन्हा देऊन पाहतो आणि मग संदेश तिकडे टाकतो. ती क्यू रोज कोण पाहणार, असे मी बैठकीत विचारले तेव्हा सगळे आपापल्या वहीत काहीतरी महत्त्वाचे लिहू लागले.

तुझ्या नव्या नोकरीबद्दल मनापासून अभिनंदन. वहिनींची परीक्षा कशी झाली तेही कळव.

आता आपले जुने भांडण. डेटाबेसमध्ये नोंद झाली आणि जेएमएसचे कमिट होण्याआधी सर्व्हर पडला, तर तोच संदेश पुन्हा येणार. इथे तू एक्सए ट्रान्झॅक्शनचा, म्हणजे डेटाबेस आणि क्यू दोन्ही एकाच व्यवहारात बांधण्याचा, झेंडा काढणार, हे मला ठाऊक आहे. माझे मत तेव्हाचेच आहे: ऑर्डर क्रमांकावर युनिक बंधन (तोच क्रमांक दोनदा न चालण्याचे) घालावे, दुसऱ्यांदा आलेली ऑर्डर झालेली समजून शांतपणे कमिट करावी आणि एक्सएचे ओझे टाळावे. हरकत असेल तर ती सोमवारच्या बैठकीआधी लेखी पाठव, म्हणजे निदान तिथे माझ्याशी कोणीतरी मुद्द्यावर भांडले असे होईल.

तुझा,
जुना प्रतिपक्षी